कापणीच्या सणाची टोपली

दवाखान्यात सकाळी पट्ट्या बांधायची वेळ होती. पाद्रीसाहेब दारात आले, टोपी काढून हातात धरली आणि काहीच बोलेनात. पाद्री बोलत नाही म्हणजे काय, ते समजायला मला वेळ लागला नाही. "शमुवेलभाऊ?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. पहाटे झोपेतच गेले म्हणे... हातातली पट्टी मी पुरी बांधली, कारण रोग्याचा पाय उघडा होता. मग मात्र औषधांच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. त्याला आता महिना होऊन गेला.

अमरावतीच्या आमच्या चर्चच्या मंडळीत शमुवेलभाऊ आणि मी कितीतरी वर्षं बरोबरीनं राबलो. ते मंडळीचे पंच, मी दवाखान्यातली नर्सबाई. कुणाचा ताप उतरत नसला की मी उशाशी आणि ते बाहेर ओसरीवर. कुणी गेलं की बाईमाणसाला मी न्हाऊ घालायची आणि खड्डा ते खणायचे, स्वतः कुदळ घेऊन. "आपल्या मानसाले आपनच जागा कराव," म्हणायचे. आमची भांडणंही काही कमी झाली नाहीत. भजनात झांज इतकी जोरात वाजवायचे की माझा सूर बुडून जायचा. मी तसं तोंडावर सांगायची, आणि पुढच्या रविवारी ते मुद्दाम आणखी जोरात वाजवायचे.

ते मूळचे अचलपूरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या माळ्याच्या घरातले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा थोरले भाऊ नारायण एवढंच म्हणाले होते, "तू तुह्या रस्त्यानं जाय, मी माह्या." तेव्हापासून बोलणं बंद. शमुवेलभाऊ हे कधी रडून सांगत नसत. पण कुणाच्या घरी दोन भाऊ शेजारी जेवताना दिसले की बघत राहायचे. एकदा खड्डा खणून झाल्यावर घाम पुसत म्हणाले, "दादा एकडाव माह्या घरी जेवला पायजे. मंग देवानं मले कवाबी नेलं त चालते." त्यांना आयुष्यात दुसरं काही मागताना मी ऐकलं नाही.

आमच्याकडे कापणीच्या सणाला प्रत्येक घर आपल्या पिकातलं काहीतरी आणतं. ज्वारीची कणसं, कापूस, कोहळं, एखादी कोंबडी. ते वेदीपुढे मांडायचं आणि उपासना झाली की अंगणातल्या कडुनिंबाखाली त्याचा लिलाव करायचा. पुकारायचे शमुवेलभाऊ, वस्तू उंच धरायची मी. एका साली काटेरी वांग्यांची एक टोपली निघाली, देठसुद्धा हिरवेगार. कुणाची ते कुणी सांगेना. दारात ठेवलेली होती, म्हणून आमच्या पोरींनी उचलून वेदीपुढे मांडली होती. सणाच्या दिवशी चर्चच्या दारात टोपली म्हणजे ती देवाचीच, असा आमचा हिशेब. भाऊंनी बोली सुरू केली, दोघांनी ती चढवलीही. तेवढ्यात विहिरीकडून धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत एक उंच माणूस आला आणि थबकला. "माही टोपली हाये ते," तो म्हणाला.

मी टोपली डोक्यावर धरून उभी, खाली ठेवावी की नाही कळेना. ते नारायणभाऊ होते. बाजाराला निघालेले. इतक्या वर्षांनी का कोण जाणे, पाय आमच्या फाटकाकडे वळले. आत प्रार्थना चाललेली ऐकून टोपली दारात ठेवली आणि हातपाय धुवायला विहिरीवर गेले. आणि आम्ही शहाण्यांनी त्यांचा माल येशूला वाहून विकायलाही काढला होता. आता हे चिडून गेले की पुन्हा येणार नाहीत, एवढंच मला शमुवेलभाऊंच्या तोंडावर दिसत होतं. नारायणभाऊंनी एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग म्हणाले, "इकून राह्यला त नीट इक. बाबाच्या मळ्यातली वांगी हायेत. सस्त्यात नको देऊ."

सगळी मंडळी हसली. भाऊ डोळे पुसत पुकारत राहिले. पाद्रीसाहेबांनी बोली लावून टोपली घेतली आणि आमच्या रिवाजाप्रमाणे, चर्चला आणखी पैसे मिळावेत म्हणून, पुन्हा विकायला परत दिली, पुन्हा लिलाव, पुन्हा परत... माझे हात भरून आले होते, पण त्या दिवशी मी कुरकुर केली नाही.

पुढे दर सणाला नारायणभाऊ यायला लागले. टोपली दारात ठेवायची, "देवाले" असं एकदाही म्हणायचं नाही. लिलाव ऐकायचा, मग भावाच्या ओसरीवर घटकाभर बसून पीकपाण्याचं बोलायचं आणि उठायचं. शमुवेलभाऊंची बायको, रूथवहिनी, दर सणाला दोन भाकरी जास्त थापायची, भरीत करायची. ते उरलेलं भरीत दर साली मीच खाल्लंय. मला रागच यायचा. "अहो, जेवा म्हणा की त्यांना. तोंड काय शिवलंय?" भाऊ मान हलवायचे. "त्याले गावात राहा लागते, बाई. माह्या घरी जेवला त गाव नावं ठेवन. मी इचारलं अन् तो नाई मनला, त पुढच्या साली त्याले येवाची लाज वाटन. येते, बसते... तेवढं मले पुष्कळ हाये." पुष्कळ नव्हतं. वहिनीला ठाऊक होतं, मलाही.

शमुवेलभाऊ गेल्याचा निरोप मिळताच नारायणभाऊ आले. सगळ्यांसारखी मूठभर माती त्यांनीही टाकली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाकरी आणि वरण आम्ही शेजारणींनी करून आणलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी ताटं वाढत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, जो समोर दिसेल त्याला बसवत होते. "नारायणभाऊ, चला, जेवा," मी म्हणून गेले. ते उठले, हात धुतले, पंक्तीत बसले आणि जेवले. दुसरी भाकरी मागून घेतली.

माझा तोल गेला. "आज जेवता? ते गेल्यावर? इतकी वर्षं दोन घास जड झाले होते तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "त्यानं कदी जेव मनलंच नाई, बाई," ते म्हणाले. "तोडलं त मीच होतं. मले वाटे, त्याच्या मनात अजून राग असन. बिनबलावता त्याच्या पाटावर कसा बसू? दर साली उठाच्या आधी जरा येळ लावत होतो... आता जेव मनन, मंग मनन."

वहिनी उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यांचं पोट भरलेलं होतं, दिसत होतं. तरी ती त्यांनी खाल्ली, सगळी.