तेल लावलेल्या वेण्या

खोबरेल तेलाचा वास आला, की मला मुकुंदवाडीतल्या आमच्या शाळेची प्रयोगशाळा आठवते. मुलींनी तेल लावून, दोन वेण्या घालून, त्या लाल फितींनी वर बांधून यावे, असा शाळेचा नियम. तो रोज प्रार्थनेच्या वेळी तपासला जाई.

मग देणगीतून आभासी वास्तवाचे चष्मे आले. डोळ्यांवर चढवले, की धडधडते हृदय खोलीएवढे होऊन भोवती उभे राहते. त्याच्या झडपा अगदी हाताशी उघडतात, मिटतात. दहावीला विज्ञान शिकवणारी मी त्या दिवशी मुलांइतकीच अधीर होते.

पहिल्याच तासाला मुख्याध्यापक दारात उभे राहिले. मुलींच्या केसांचे तेल चष्म्याच्या स्पंजला लागते, तेव्हा चष्मे मुलांनी लावावेत आणि मुलींनी भिंतीवरच्या पडद्यावर बघावे, असे त्यांनी फर्मावले. मुलांच्या कपाळांवरही तेल चकाकत होते. मी ते दाखवले, तर ते हसले. "मॅडम, पडद्यावर बी हृदयच दिसतंय की."

पडद्यावर दिसत होते पुस्तकातलेच सपाट चित्र, फक्त हलणारे. वर ढकललेले रक्त परत खाली का येत नाही, हे मला आदल्या आठवड्यात विचारणारी मुलगी मान वाकडी करकरून त्या चित्राच्या मागे काय आहे ते शोधत होती. फुलंब्रीहून बसने येणारी, एरवी अबोल.

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन आली. मोकळे, कोरडे केस, त्यांना शिकेकाईचा कडवट, स्वच्छ वास. प्रार्थनेला त्याच मुख्याध्यापकांनी तिला रांगेतून बाहेर काढले: तेल नाही, वेण्या नाहीत, आज वर्गात बसायचे नाही. काल तेल होते म्हणून चष्मा नाही, आज तेल नाही म्हणून वर्ग नाही! एकाच तोंडाने, एका रात्रीच्या अंतराने हे बोलताना त्या माणसाची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तास सुरू झाल्यावर मी व्हरांड्यात गेले, तिला हाताला धरून आत आणले आणि सर्वांदेखत चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. मुख्याध्यापक दारात येऊन थांबले; मी त्यांच्याकडे पाहिले नाही. ती हळूहळू मान वळवत राहिली. मग तिने हवेत हात पुढे केला, एखादे दार लोटून पाहावे तसा.

चष्मा उतरवला तेव्हा तिचे डोळे ओले होते, पण ती हसली नाही. पडद्यासमोर बसलेल्या लाल फितींच्या रांगेकडे तिने पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले,

"बाकीच्या?"