दीड तास मागे चालणारे घड्याळ

अशा सदरांतले गूढ अनुभव मी आजवर केवळ भाषेसाठी वाचत आले. विश्वास कधी ठेवला नाही. संगणक शिकवणाऱ्या बाईने ठेवूही नये. तरीही लिहिते आहे — एकटीने हे पेलणे आता जमत नाही.

घाटनांदूर, नव्वदीच्या दशकाची अखेर. आमच्या किराणा दुकानामागची खोली; भिंतींत हळदीचा आणि शेंगपेंडीचा वास मुरलेला. तिथे यजमानांनी संगणकाचा क्लास काढला होता. मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून त्यांनी एका यंत्रावर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवली, क्लास माझ्या हाती सोपवला आणि ते दुबईला नोकरीस गेले.

दर शुक्रवारी समोरच्या एसटीडी बूथवर त्यांचा फोन येई. एका शुक्रवारी आला नाही... पुढचाही शुक्रवार मुका गेला. त्याच सुमारास लिनक्सच्या यंत्रातले घड्याळ दीड तास मागे पडलेले दिसले.

प्रथम आतल्या बॅटरीचा संशय आला, ती बदलली. पण बॅटरी संपली तर तारीखच बिघडते. इथे तारीख बरोबर होती, फरक नेमका दीड तासाचा. फक्त टाइम झोन भारतीय वेळेच्या ‘कलकत्ता’ऐवजी दीड तास मागचा ‘दुबई’ झाला होता. मी तो पूर्ववत केला, पासवर्ड बदलला, खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. सकाळी पुन्हा दुबईच. त्या यंत्राला ना मोडेम होता, ना टेलिफोनची तार.

मग मी दुरुस्ती सोडली. ते तिथे आहेत, श्वास घेत आहेत — एवढाच अर्थ मी त्यातून काढला आणि त्यावर जगले. जाऊबाई म्हणाल्या, “नवरा काय त्या डब्यातून उतरणार हाय का, बाई?” मला हसू आले, कितीतरी दिवसांनी.

पुढे मामंजी मालासाठी म्हणून मुंबईला गेले. दुसऱ्या सकाळी यंत्र सुरू केले, तर वेळ अचूक. झोन कलकत्ता. मी हात लावला नव्हता... ते मायदेशी उतरले, याखेरीज दुसरा विचार मनाला शिवला नाही.

धनी परगावाहून यायचा असला की आमच्याकडे सवाष्ण हात भरून घेते. मी कासारणीला बोलावले. हिरव्या काचेचा गारवा मनगटावर चढत गेला.

“आज लई खुशीत हायस माय. कोण येतंय?”

“हे येताहेत,” मी म्हणाले.

दुपारी बूथवाल्याने हाक मारली. फोनवर मामंजी होते.

“सूनबाई, मन घट्ट कर. पेटी सकाळीच इमानातून उतरली.”

पहिला फोन चुकला त्याच आठवड्यात यजमान रस्त्यावरच्या अपघातात गेले होते. देह तेव्हापासून तिथल्या शवागारात पडून होता. मामंजींना मुंबईला निघताना कळले होते. घरात सांगण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. मी ज्याला श्वास समजत होते, ती त्या थंड खोलीतली वेळ होती.

दुसऱ्या दिवशी, माती देऊन माणसे परतल्यावर, तो कोरा चुडा माझ्या हातांवरच फोडला गेला. एक काच खोल रुतली होती.

जाणकारांना विचारले. कुणी बॅटरी म्हणाले, कुणी माझेच मन. पेटी उतरली त्या सकाळपासून त्या यंत्राची वेळ एकदाही चुकलेली नाही. ती चुकावी, म्हणून मी रोज सकाळी ते सुरू करते.