एफ म्हणजे जाफराबाद

आमच्या गल्लीतल्या निवृत्त कंडक्टरांइतकी वाईट गिटार वाजवणारा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि इतकं वाईट वाजवूनही न कंटाळणारा तर अख्ख्या मराठवाड्यात नसेल. जुन्या जालन्यात माझं कापडाचं दुकान आहे. दुपारी तीनला गिऱ्हाईक ओसरलं की ते येतात, शर्टिंगच्या थानांमागच्या खिळ्यावरची गिटार काढतात आणि गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसतात. घरी सूनबाईंची शिकवणी चालते, म्हणून रियाज माझ्याकडे. गिटारही मूळची माझीच. कॉलेजात हौसेनं घेतली आणि दोन महिन्यांत माळ्यावर टाकली. तीन वर्षांपूर्वी माळा आवरताना ती त्यांच्या नजरेला पडली, आणि मोबाईलवर शिकवणाऱ्या कुठल्याशा पोराला गुरुजी मानून यांनी साठीत श्रीगणेशा केला.

जन्मभर जालना-जाफराबाद गाडीवर काढलेला माणूस, नोकरी संपली तरी मार्ग सुटला नाही. त्यांच्या लेखी सी कॉर्ड म्हणजे जालना, जी म्हणजे राजूर, आणि एकाच बोटानं सहाच्या सहा तारा दाबायला लावणारी ती छळवादी एफ म्हणजे जाफराबाद. सुरू करताना गिटारीच्या लाकडावर बोटानं दोनदा टकटक, म्हणजे दोन घंट्या, गाडी सोडा. चुकलं की एकदा, म्हणजे थांबा. दुपारभर वाजवण्यापेक्षा टकटकच जास्त ऐकू यायची. "शेठ, आज राजूरच्या फुडं गेल्तो. जाफराबाद दिसून राह्यलं होतं, पण बोट घसरलं." मी म्हणायचो, "सोडा की आता, कशाला जिवाला त्रास?" त्यावर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत. "गाडी बंद पडली म्हणून मी पाशिंजरायला कधी म्हणलो का, जाफराबाद रद्द झालं, जा घरी?"

डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले त्याचा तर त्यांना कोण अभिमान. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला गेले, तेव्हा यंत्रापाशी बसलेल्या बाई म्हणाल्या, उजवा अंगठा लावा. यांनी हट्टानं डावं बोट लावलं. यंत्र काही ओळखेना. तीनदा लावलं, तीनदा नकार. घरी न जाता थेट दुकानात आले. "शेठ, मशीन म्हणते ह्या नावाचा माणूसच न्हाई! म्हंजे रियाज बराबर चालू हाय." थान बघायला आलेल्या दोन बायकांनाही बोटं दाखवून झाली.

हे सगळं मी कुणालाही हसत सांगतो. पुढचं आजवर सांगितलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांची एफ लागली. एकदाच, पण सहाही तारा स्वच्छ बोलल्या. ते स्वतःच दचकले. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्याच एफपाशी मी विशीत हरलो होतो, आणि माझ्याच गिटारीवर हा साठीचा माणूस तिथं पोचत होता. दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधी मी गिटारीच्या तारा ताणणाऱ्या दोन खुंट्या जराशा ढिल्या केल्या. मग रोजच करू लागलो. ते बिचारे येऊन रोज तारा लावत, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उतरलेल्या. माझ्यावर संशय घेणं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी कानांवर घेतला. "काल बराबर वाटलेलं आज बेसूर लागतं. जन्मभर गाडीचा खडखडाट ऐकला, कान गेले असतील. बोटायला शिकवता येतं शेठ, कानाला काय शिकवू?"

कानाच्या डॉक्टरकडे मीच त्यांना स्कूटरवर नेलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. "कान बराबर हायेत, गिटार बराबर हाय. म्हंजे मीच बराबर न्हाई. उद्यापासून न्हाई येत." तीन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. महिनाभर मी त्याचीच वाट बघत होतो, आणि आलं तेव्हा ते मला ऐकवेना. तिथंच, पायरीवर, सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ बोटांचे घट्टे चोळत राहिले. मग एवढंच म्हणाले, "अन् कान दाखवायला तुम्हीच घेऊन आल्ते." आणि रिक्षा करून निघून गेले.

चार दिवस दुपारी दुकान शांत होतं. पाचव्या दिवशी तीनला ते आले. गिटार काढली, पण स्टुलावर बसले नाहीत, ती माझ्या मांडीवर ठेवली. "खुंट्या फिरवायची सवय तुम्हाला हाय. लावा." मी फिरवत गेलो, ते डोळे मिटून सांगत गेले, "चढवा... अजून... बास." शेवटची तार लागल्यावर म्हणाले, "आता एफ."

त्यांची एफ आता चारातून एकदा लागते. माझी अजून एकदाही लागलेली नाही. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. बोटं दुखून मी हात काढू लागलो की ते माझ्याकडे बघत नाहीत, रस्त्याकडे बघतात. आणि गल्ल्याच्या लाकडावर बोट वाजवतात. दोनदा.