धुरपताबाईंनी नाकारलेले पाचशे

टाळेबंदीचा पहिलाच महिना होता. आमच्या आंधळगावात मासे विकणाऱ्या धुरपताबाईंची टोपली बाजारासोबतच बंद पडली. नवरा श्यामलाल दम्याचा. त्याचा ओढायचा पंप संपला होता आणि औषधवाला उधार द्यायला तयार नव्हता. श्यामलाल दिवसभर भिंतीला टेकून धापा टाकत बसे, छातीत शिट्टी वाजे.

एका सकाळी देवपूजा आटोपून मी अंगणात आले, तर धुरपताबाई फोन घेऊन उभ्या. मेसेज मी वाचून दाखवला. त्यांच्या जनधन खात्यात सरकारनं पाचशे टाकले होते. मला वाटलं, देवच पावला. बाईंचा चेहरा मात्र उतरला.

"मले नाही पायजे ते पैसे, बाई."

काहून म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. त्यांच्या तळ्यावर जाळं ओढेल त्यालाच मासोळीचा वाटा. न ओढता वाटा मिळतो तो फक्त नवरा गेलेल्या बाईला. पळसाच्या पानावर तो वेगळा काढून ठेवतात. घरी श्यामलाल जिता असताना बसल्या जागी आलेला वाटा घ्यायचा, म्हणजे आपल्याच हातानं कुंकू पुसायचं. मी समजावून थकले. शेवटी दोघींनी तोंडाला पदर बांधला आणि जीवनकडे गेलो.

जीवन आमचा बँकमित्र, अंगठ्याचं मशीन घेऊन शाळेच्या ओसरीत बसे. त्यानं सारं ऐकून घेतलं.

"मावशी, माह्या बायकोले, तृप्तीलेही आले हे पैसे. मंग मी मेलो का?"

रांगेतल्या बाया पदराआड हसल्या. धुरपताबाईंनी त्याला खालीवर न्याहाळलं. "बोलून तं राहिला," म्हणाल्या, आणि अंगठा टेकवला.

मशीननं अंगठा ओळखला, आणि जीवननं नोटा मोजून हातात दिल्या. मी बघतच राहिले. ना कुठं खेटा, ना कोणाची ओळख. सारा देश दारं लावून बसलेला, आणि कुठल्याशा दूरच्या यंत्राला आंधळगावची धुरपता बरोबर सापडली. सर्वसाक्षी हा शब्द मी रोज पोथीत वाचते, पण अंगावर काटा आला तो त्या ओसरीत.

धुरपताबाई तिथूनच औषधाच्या दुकानात गेल्या. दुपारी मी त्यांच्या घरी डोकावले, तर श्यामलाल पंप ओढून, तो हातात धरूनच विचारत होता, "मी असताना तुले वाटा भेटला कसा?"

"बोलू नका. आधी श्वास घ्या."

त्यानं घेतला. आम्ही दोघी कान देऊन बसलो. छातीतली शिट्टी वाजली नाही.