ओलं दुपटं

अंगात आलेल्या बाईला "सोंग बास कर" असं तोंडावर सांगणारी मी. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. म्हणून हे लिहायला वर्ष गेलं.

आमचं गाव वडूजजवळ, माहेर कवठे महांकाळकडचं. आमच्यात भावाची मुलगी सून करून आणायची रीत आहे. मुलगा सैन्यात लागला तसा मीच भावाकडे हट्ट धरला आणि त्याची रूपा घरात आणली. घरातली पोर घरात राहील — एवढंच डोक्यात.

त्यांना मुलगी झाली. दूध नीट ओढायची नाही, अंगात जोर नाही. चौथ्या महिन्यात लघवी होईना, लंगोट कोरडे यायला लागले. सांगलीच्या दवाखान्यात मी सारखी हात घालून बघायची. जन्मभर पोरांच्या मुताला नाक मुरडलं, आणि तिथे एका ओल्या लंगोटासाठी जीव टांगलेला... मूत्रपिंडं बंद पडत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराला ताकद पुरवणारा पेशींमधला भाग असतो, मायटोकाँड्रिया, त्यातच दोष आहे. आईबाप ठणठणीत असतात, पण दोघांकडून दोष आला की मुलाला आजार होतो.

"नवराबायको नात्यातले का?" त्यांनी विचारलं.

रूपाने माझ्याकडे पाहिलं.

पाचव्या महिन्यात पोर गेली. आमच्याकडे तान्हं मूल पुरतात, त्याचे कपडेही सोबत देतात. मी एक दुपटं मागे ठेवलं, माझ्याच जुन्या लुगड्याचं. रूपा माहेरी गेली. आठ महिने माझा फोन घेतला नाही.

चैत्रातली दुपार. ट्रंकेतून लुगडं काढताना दुपटं हाताला ओलं लागलं. मधोमध, तळहाताएवढं. कोमट. वरखालची लुगडी कोरडी ठणठणीत.

शेजारीण म्हणाली, "उंदीर मुतला असंल, म्हातारे."

"कुलूप काढून आत गेला व्हय गं तुझा उंदीर? आन् तान्ह्याचा वास मला कळत न्हाई?"

तिच्याच फोनवरून रूपाला लावला. "रूपे, ठेवू नगं. पोरीचं दुपटं ओलं झालंय."

"किती?" तिने विचारलं.

"तळहाताएवढं."

"गरम हाय?"

"व्हय."

"आत्या, धुऊ नगा. मी निघाले."

दिवस मावळायच्या आत ती एसटीने आली. तोवर दुपटं वाळलं होतं, पिवळट कड तेवढी उरलेली. मला वाटलं, आता ही मला खोटी ठरवणार. तिने दुपटं नाकाला लावलं आणि तिथेच खाली बसली.

"झाली तिला," म्हणाली. "आत्या, झाली की वं तिला."

रूपा राहिली. ती ओल कुठून आली, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर सांगा, उंदराचं मात्र सांगू नका. रोज दुपारी मी ट्रंकेत हात घालते. कोरडं असतं. थोड्या वेळाने ती घालते.