बाळकृष्णाला परवानगी नव्हती

देवाकडे आजवर मी पुष्कळ काही मागितलं, पण अडथळा एकदाच मागितला. तेव्हा आम्ही पुलगावला राहत होतो. नवऱ्याचं किराण्याचं छोटं दुकान होतं आणि मी एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळा बंद पडायच्या बेतात आली, म्हणून नागपूरच्या एका एजंटाकडे मुलाखत दिली, आणि मालदीवमधल्या एका बेटावर लहान मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी चक्क मिळाली. मग एजंटाचं पत्र आलं. पदवीचं साक्षांकन, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ होती. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येणार नाहीत.

माझ्याकडे आईनं दिलेला पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे. लग्न झाल्यापासून त्याला न्हाऊ घातल्याशिवाय मी चहा घेतलेला नाही. माहेरी जाताना तो माझ्या पिशवीत असायचा. नवऱ्याचा देवघराशी संबंध मात्र बल्ब बदलण्यापुरता. त्यांनी लगेच तोडगा काढला.

"तिखटाच्या डब्यात खुपसून नेजो. कोण पाह्यते तिथं?"

"देवाला तिखटात?"

"मंग साखरेत ने."

मला हसू आलं नाही. खोटं बोलून देवाला न्यायचं आणि तिथे रोज त्याच्याचसमोर हात जोडायचे, हे मला जमण्यासारखं नव्हतं. नोकरी नाकारावी तर दुकानाचंही काही खरं नव्हतं. शेवटी मी बाळकृष्णालाच सांगितलं, की बाबा रे, मी जाऊ नये असं तुझ्या मनात असेल तर यातला एक कागद अडकव. मी समजून घेईन. खरं सांगायचं तर मी निर्धास्त होते. कागद अडकण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या कचेऱ्यांवर माझा देवापेक्षा थोडा जास्तच भरवसा होता.

पण सगळं विपरीतच घडू लागलं. तपासणीला वर्ध्याच्या एका दवाखान्यात गेले, तर कधीचं बंद पडलेलं एक्स-रेचं यंत्र त्याच सकाळी दुरुस्त झालेलं. डॉक्टरांसमोर मी आशेनं दोनदा खोकलेसुद्धा. ते म्हणाले, "छाती एकदम खणखणीत आहे." पोलीस चौकशीला आला, तेव्हा मी दळण आणायला गेले होते. घराला कुलूप पाहून तो परत जाईल म्हणावं, तर शेजारणीनं त्याला बसवून पोहे खाऊ घातले आणि मी येईपर्यंत माझे इतके गुण गायले, की तो मला पाहून उठून उभा राहिला. दाखला आठवड्यात हातात.

उरला एकच कागद. माझी पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा, त्यामुळे लग्नाचा दाखला हवा होता. लग्न रोहण्याला माझ्या माहेरी झालेलं, पण त्याची नोंद कुणी केलीच नव्हती. ग्रामसेवक म्हणाले, लग्नात हजर असलेले तीन साक्षीदार आणा. दोघं माझे भाऊ होते. तिसरे माझे काका ऐन वेळी कुणाच्या तरी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघून गेले. ग्रामसेवक दुसऱ्या दिवसापासून लांब रजेवर जाणार होते. बाकीची जुनी माणसं एक तर शेतात होती, नाही तर देवाघरी. मी मनात म्हटलं, ऐकलंस बाबा. मी आणि नवरा एसटीच्या थांब्यावरच्या टपरीवर चहा प्यायला बसलो. माझं मन किती दिवसांनी हलकं झालं होतं.

बाकावर एक मफलरवाले गृहस्थ बसले होते. नवरा कुणालाही आपली कहाणी सांगतो, तशी त्यांनाही सांगितली. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बाई, तुमच्या लग्नात मी जेवलो होतो."

"तुम्ही आमच्या नात्यातले का?" मी विचारलं.

"नाई. मी दुसऱ्याच लग्नाले आल्तो. मांडव चुकला. पंगतीत बसल्यावर कळलं, का नवरदेव वळखीचा नाई. मंग उठाव कसं? वाढणाऱ्यानं बुंदी आग्रह करकरून वाढली. जावईबापूचा फेटा डोळ्यावर येत होता, तो ते घडीघडी वर करत होते."

नवऱ्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला. मी चहाचा कप खाली ठेवला. तासाभरात सह्या झाल्या.

ते गृहस्थ कोण होते, याबद्दल मी काही चमत्कार सांगत नाही. सरकारी कागदावर त्यांचं नाव, गाव आणि वय स्वच्छ लिहिलेलं आहे. बाहेर आल्यावर माझे डोळे भरून आले. त्या गृहस्थांना वाटलं, आनंदानं. नवऱ्यानं खरं कारण सांगितलं, की हिला देवाची काळजी लागली आहे. ते मफलर नीट करत म्हणाले, "बाई, मी मांडव चुकलेला माणूस, तरी तुमच्या घरच्यांनी मले जेवू घातलं. तो तर घरातला हाय. त्याले कोण उपाशी ठेवीन?"

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "मी आहो ना."

या माणसाला उदबत्ती कुठे ठेवली आहे तेही ठाऊक नव्हतं. पण मी गेले. तिथे पोचल्यावर पहिल्या रविवारी फोन लावला आणि घाबरत विचारलं, "तो जेवला का?"

"जेवला ना. थंडी पडून राह्यली, म्हणून पाणी गरम करून न्हाऊ घातलं. भात थोडा लागला खाली, पण तो काई बोलला नाई."

त्या दिवशी मी बूथमधून बाहेर आले आणि समुद्राकडे तोंड करून पुष्कळ वेळ उभी राहिले. आपण देवाला सांभाळतो, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्यानं मात्र माझ्या हातून सुटून, ज्या हातांनी त्याला कधी बोलावलं नव्हतं त्या हातांत स्वतःची सोय करून घेतली होती.

दोन वर्षांनी परत आले. पहाटे उठून न्हाले आणि ओल्या केसांनीच देवघरापाशी गेले. नवरा पाटावर बसलेला, मांडीवर पंचा, पंचावर बाळकृष्ण. कानामागचं पाणी टिपणं चाललं होतं.

"थांब जराशी," मान वर न करता ते म्हणाले, "आमचं व्हायचं हाय अजून."

मी उंबऱ्याबाहेर बसले आणि तिथूनच हात जोडले.