न दाबलेलं हिरवं बटण

विहिरीवरच्या मोटारीचं हिरवं बटण दाबताना आजही माझं बोट जरा थांबतं, कारण एकदा मी ते दाबलं नव्हतं. सामाईक विहिरीवर त्या दिवशी दुपारी बारापर्यंत आमची पाळी होती, पुढची आठ दिवसांनी, आणि कांदा तहानलेला. शहरात शिकणारी नात सुट्टीला आलेली. कृष्णविवर उजेडसुद्धा गिळतं, त्याच्याभोवती फिरणारा तापलेला वायू कसा चमकत असेल, याचं चित्र ती लॅपटॉपवर गणितातून काढत होती. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, आणि मोटार लावली की घरातला फ्यूज उडायचा. "आज्जी, पहाटेपासून चाललंय. बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी सरांना पाठवायचंय." "तुझं इवर माझा कांदा भिजवनार हाय का?" मी म्हणाले, आणि बटण न दाबता ओट्यावर बसून राहिले. बारा वाजून गेल्यावर तिनं हाक मारली. पडद्यावर काळाकुट्ट गोळा, भोवती नारिंगी कडं, एका बाजूला भगभगीत, दुसरीकडं मंद, आणि गोळ्यावर उजेडाची एक कमान. "भगभगीत बाजूचा वायू आपल्याकडं धावत येतोय, म्हणून उजळ," ती म्हणाली. "आन वरची कमान?" "तो विवराच्या मागचा उजेड. विवर त्याला वाकवून वरून आपल्याकडं आणतं." पाठीमागचं समोरून दिसत होतं. "हे कुनी बगितलंय?" "इतक्या जवळून कुणीच नाही, आज्जी." चूल विझली तरी मी तिथंच उभी होते. कांदा बारीक निघाला, व्यापाऱ्यानं नाकारला, आम्ही घरी खाल्ला. वाईट वाटलं. तरी आज ती वेळ आली, तर बटण दाबणार नाही.